ओ येईपर्यंत

आमच्या शाळेत संगणकाचा तास म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. वीज असली तर माऊस रुसलेला, माऊस चालला तर पडदा काळा. त्यात प्रशिक्षणात आम्हाला दिलेलं उदाहरण पिझ्झा मागवण्याचं! सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला टेकलेल्या गावात चौथीच्या लेकरांना पिझ्झा कुठून दाखवू? ते उदाहरण मी तिथंच सोडून आले.

मी म्हटलं, आपण संगणकाला मोहफुलं वेचायला शिकवू. पडद्यावर रंगीत ठोकळे जोडायचे. एकेक ठोकळा म्हणजे एकेक हुकूम: चाल, वाक, फूल उचल, घरी ये. सांगितलं तेवढंच हे यंत्र करतं, स्वतःची अक्कल चालवत नाही, हे पोरांना भारी आवडलं. "बाई, थो तं आमच्या बैलापेक्षा बी भोळा आहे," एक जण म्हणाली.

पण माझा प्रोग्राम त्यांना पटला नाही. "हाका कुठी आहेत, बाई? हाक नाई देली तं बाया घरी कशा येतीन?"

खरंच होतं. मोहाला गेलेल्या बाया झाडाझाडाखाली पांगतात. खाली वाकलेली बाई दुसरीला दिसत नाही. म्हणून मधूनमधून एक जण हाक देते आणि बाकीच्या आपापल्या जागेवरून ओ देतात. सगळ्यांची ओ आल्याशिवाय कुणी घराकडे वळत नाही. वाघाच्या रानातला हा नियम कुणी शिकवत नाही आणि कुणी मोडतही नाही.

मागच्या बाकावर एक मुलगी बसायची. आदल्या मोसमात तिची आई मोहाला गेली आणि हाकेला तिची ओ आली नाही. वाघानं नेली. तेव्हापासून पोर शाळेत बोलेना. हजेरीत तिचं नाव घेतलं की शेजारचीच सांगायची, "आहे, बाई." मी गोड बोलून पाहिलं, रागावूनही पाहिलं. माझा स्वभाव तापट, पण तिच्यापुढे राग टिकायचा नाही. मला भीतीच वाटत होती, ही अशीच कायमची मिटून जाईल.

त्या तासाला तिनं पडद्यावर पाच बाया काढल्या. पहिलीनं हाक दिली. तिघींनी ओ दिली. पाचवी गप्प. पुन्हा हाक, पुन्हा तिघींची ओ. प्रोग्राम फिरतच राहिला.

"अगं, हिच्या ओचा ठोकळा राहिला," मी म्हटलं. "अशानं हे कधी थांबायचंच नाही."

तिनं नकारार्थी मान हलवली. मग माझ्या ध्यानात आलं, ही पाचवी कोण ते. माऊसवरचा हात मी काढून घेतला. सुट्टीची घंटा होईपर्यंत ती बाई पडद्यावर हाका देत होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात आले तर ती आधीच संगणकापुढे. एक नवा ठोकळा जोडला होता. तिनं प्रोग्राम चालवला. हाक गेली, तिघींची ओ आली, पाचवी गप्प. पुन्हा हाक. पोरगी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग तिनं एक बटण दाबलं आणि पाचव्या बाईच्या डोक्यावर 'ओ' उमटली. चौघी वळल्या आणि घराकडे चालू लागल्या. पाचवी झाडाखालीच राहिली.

"ही ओ कोणी दिली गं?" मी हळूच विचारलं.

"म्या," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "बाकीच्या बायाईले घरी जाऊ द्या लागते नं, बाई. त्याईचे लेकरं वाट पाहून राह्यले."