दहा वॅटचे चार बल्ब

आबा गेल्यावर त्यांची मोटारसायकल मी चोपड्याहून जळगावला आणली आणि तिच्या कामांची यादी केली. ऑइल, चेन, मागचा टायर, इंडिकेटरचे चारही बल्ब. बल्बपुढे कंसात: बारा व्होल्ट, दहा वॅट, काच पांढरी. वरचं झाकण नारिंगी असेल तर आतला बल्ब पांढराच लागतो.

दुकानदार चाचांनी चिठ्ठी वाचली. "ताई, याद्या किराण्याच्या येतात. बल्बची पहिल्यांदाच पाहिली." मग एलईडी पुढे सरकवले. "हे लावा. पुन्हा माझं तोंड बघायला नको."

कमी करंट, जास्त आयुष्य. मला पटलं. बसवून घेतले, यादीवर खूण केली.

रविवारी दुपारी चोपड्याला निघाले. आमचं घर गल्लीच्या अगदी टोकाला, पुढे रस्ताच नाही. मागून कुणी येत नसलं तरी आबा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कडुनिंबापाशी इंडिकेटर लावत आणि बंद करायला हमखास विसरत. सोबत वाजणारा बझर त्यांनी हौसेने बसवला होता. पीप... पीप... असा सावकाश तो दारापर्यंत यायचा. तो ऐकला की आई तव्यावर भाकरी टाकायची. आबा हात धुऊन बसेपर्यंत ती फुगलेली असायची. "दारात उभं राहून कोणाला वळण दाखवताय? बंद करा ते, बॅटरी उतरी," हे रोजचं.

कडुनिंबापाशी मीही बटण दाबलं. दिवे भराभर लुकलुकले आणि बझर पिपिपिपि करत सुटला. दाराला आतून कडी होती.

"कोण शे?"

"मी गं."

"माले वाटनं कुरिअरवाला." आईने डब्यातली सकाळची पोळी पुढे ठेवली. आबा गेल्यापासून ती सकाळीच दोन पोळ्या करून ठेवते. "एकटीसाठी दुपारी तवा कोण तापवी?" म्हणते. तव्यावरची भाकरी मागायला तोंड उघडेना.

सोमवारी पुन्हा दुकानात.

"चाचा, फार घाईत वाजतं."

"वाजणारच. दिवे लुकलुकवणाऱ्या जुन्या फ्लॅशरला दहा वॅटचं ओझं लागतं. एलईडी म्हणजे काहीच नाही त्याच्यासाठी. रिकामा माणूस धावतोच." मग चष्म्यावरून पाहिलं. "फ्लॅशर बदलून देऊ? तोही नवा मिळतो."

"नको. चिठ्ठीत होते तेच द्या."

त्यांनी एकेक बल्ब बॅटरीवर पेटवून दाखवला. बसवल्यावर दुकानासमोरच बटण दाबून मी बराच वेळ उभी राहिले. त्यांनी हटकलं नाही.

पुढच्या रविवारी कडुनिंबापाशी इंडिकेटर लावला आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळू घेतली. पीप... पीप... गल्ली संपेपर्यंत तेवढंच ऐकू येत होतं. दार उघडं होतं. मी इंजिन बंद केलं, चावी तशीच ठेवली.

"बंद कर ते, बॅटरी उतरी," आई आतून म्हणाली.

चावी फिरवून आत गेले. ओट्यावर परातीभोवती पीठ सांडलेलं, तव्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आई माझ्याकडे न बघता ती उलटत होती.

"हात धू."

मी एकच भाकरी खाते, हे तिला माहीत आहे. दोन आबा खायचे. ताटात एक वाढून तिने दुसरी तव्यावर टाकली. मी दोन्ही खाल्ल्या. दुसरी जरा सावकाश.