कापराचं जंगल
कापूर पेटला की मला सोलापूरची ती अभ्यासिका आठवते. पत्र्याचं छत तापलेलं असायचं, पंखा गरम हवाच फिरवायचा आणि खालच्या पूजासामानाच्या दुकानातला कापराचा वास जिन्यानं वर यायचा. स्पर्धा परीक्षेची मुलाखत तोंडावर आली होती. आवडता प्रशासक म्हणून मी एक जपानी माणूस पाठ केला होता: आधी डॉक्टर, मग जपानच्या ताब्यातल्या तैवानचा कारभारी, पुढं मंत्री. त्यानं तिथं रेल्वे वाढवली, गटारं बांधली, कापराचा धंदा सरकारी केला, त्यासाठी डोंगरातली कापराच्या झाडांची जंगलं ताब्यात घेतली. दुधनी गावचा एक मित्र उजळणी घेत होता. त्यानं मध्येच विचारलं, "आन् त्या डोंगरातली माणसं कुटं गेली?" मी म्हणालो, "ते विचारत नाहीत रे." "मी इचारतोय की." मी पुस्तक पुन्हा पुन्हा चाळलं. त्यात रूळ होते, माणसं नव्हती. मुलाखतीत खरंच कुणी विचारलं नाही आणि मी अधिकारी झालो. आज कुंभारीजवळ रस्त्याच्या भूमिपूजनाला आरतीचं ताट माझ्याच हातात होतं. कापूर विझेपर्यंत मी गर्दीत बघत राहिलो. ज्यांची रानं रस्त्यात गेली, त्यांच्यातलं कुणीच दिसेना.