बाबांची हनुवटी आणि पेटी

गेल्या गुरुवारी बाबांना घेऊन मुलुंडला कानाच्या डॉक्टरांकडे गेले होते. मशीन घ्यायचं, कानाला लावायचं आणि घरी यायचं, एवढाच माझा प्लॅन. कारण दुखणं काय ते आम्हाला आधीच माहीत होतं ना!

बाबा तीस वर्षं कापड गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होते. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले, हे आमच्या भांडुपच्या चाळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुणी विचारलं की बाबाच ऐटीत सांगायचे, "कान मी गिरणीतच ठेवन इलंय."

पण हेच बाबा आमच्या भजन मंडळाचे बुवा. शनिवारी संध्याकाळी गॅलरीत सतरंज्या पडायच्या, आई चहाचं मोठं पातेलं चढवायची आणि बाबा पेटी पुढ्यात ओढायचे... गाताना मध्येच हनुवटी पेटीच्या लाकडावर टेकवून डोळे मिटायचे. आई म्हणायची, लागली बुवांची समाधी. मंडळातले दोघेतिघे तर हौसेने तशीच हनुवटी टेकवायला लागले होते. बुवांची स्टाईल!

आई गेली आणि मग हळूहळू बाबांचं गाणंही थांबलं. सूर सापडत नाही म्हणाले. त्या रविवारी पेटी मंडळाला देऊन टाकायची, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मला वाईट वाटत होतं, पण खरं सांगते, मी अडवलं नाही. रोज ओरडून बोलून मीही वैतागले होते.

डॉक्टर बाईंनी आधी कानातला मळ काढला, दुर्बिणीतून आत पाहिलं. मग एक लोखंडी चिमट्यासारखा ट्यूनिंग फोर्क वाजवून बाबांच्या कानासमोर धरला. बाबांनी मान हलवली... काही नाही. तोच फोर्क पुन्हा वाजवून त्यांनी कानामागच्या हाडावर टेकवला.

बाबांनी डोळे मिटले. अगदी तसेच, पेटीवर मिटायचे तसे.

"पांढरी एक," ते म्हणाले. "पण वायच उतारलेली हा."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, पेटीची पट्टी सांगतायत. त्या हसल्या आणि म्हणाल्या, बरोबर आहे, हा फोर्क थोडा उतरलेलाच असतो.

मग बंद खोलीत हेडफोन लावून टेस्ट झाली. कागदावर दोन रेषा आल्या. एक हवेतून येणाऱ्या आवाजाची, दुसरी हाडातून येणाऱ्या... आणि दोन्हींमध्ये भलंमोठं अंतर. साच्यांमुळे आतली नस थोडी थकली आहे, पण मोठा अडथळा तिच्या अलीकडेच आहे, डॉक्टरांनी समजावलं. दोन्ही कानांच्या पडद्यांना जुनी भोकं होती. आवाज आत पोचतच नव्हता.

लहानपणी कान फुटायचे का, असं त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, हो तर! गावी पावसाळाभर व्हाळात डुंबायचे, कान वाहायला लागले की आजी लसणीचं तेल सोडायची. त्या तेलाला आता कायमची बंदी आहे.

निघताना मला राहवलं नाही, मी हनुवटीचं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, अहो, ते पेटी हाडातून ऐकत होते!

आम्ही वर्षानुवर्षं ज्याला समाधी म्हणत होतो, त्यात बाबा बिचारे सूर शोधत होते. स्वतःलाही न कळता... आणि सूर तर शाबूत होता.

रविवारी मंडळाची माणसं पेटी न्यायला आली. बाबा ती पुढ्यात घेऊनच बसले होते. "खंय नेतास? बसा आधी," म्हणाले.

मी आत जाऊन आईचं मोठं पातेलं काढलं. कितीतरी दिवसांनी.

पडदा बसवायचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तोवर टेकवा हनुवटी, बाबा... आता कळलंय आम्हाला.