समोरच्या घरातली चावी

मी मूळची भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो माझ्यामागे मीरा रोडहून निघून थेट परदेशातल्या खोलीपर्यंत आला.

शिकायला निघाले तेव्हा आईने बॅगेत कुकर कोंबला. घरी आमचा कुकर एकट्या आईचा नव्हताच. समोर राहणाऱ्या गुजराती मासी त्याच्या शिट्ट्या मोजायच्या. दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडी. आई गॅलरीत कपडे वाळत घालत असली की तिकडून हाक यायची, "तीन सीटी हो गयी बेन, गॅस बंद करो!" उत्तनची कोळीण बोंबील घेऊन आमच्या दाराशी बसली की याच मासी नाकाला पदर लावून दार लोटायच्या, आणि ती उठून गेली की पुन्हा उघडायच्या. आमची जादा चावी त्यांच्या देवघराशेजारच्या खिळ्याला लटकलेली असायची. त्यामुळे आपलं दार आपल्याच मागे बंद होईल, अशी भीती मला कधी शिवलीच नव्हती.

तिथे दार आपोआप बंद व्हायचं आणि बाहेरून चावीशिवाय उघडायचं नाही. काही महिने मी हे नीट लक्षात ठेवलं. मग एका दुपारी कुकर लावला आणि घरी ठेवतो तशी, सवयीने, कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवायला गेले. मागे खट्ट झालं.

पायात नुसते मोजे. चावी आत, फोन आत आणि शेगडीवर डाळ-भात.

एक शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरीला मी वेड्यासारखं समोरच्या दाराकडे पाहिलं. ते बंद होतं. त्यामागे कोण राहतं, हेही मला माहीत नव्हतं. न कळवता कुणाचं दार वाजवायचं नाही, हे तिथे गेल्या गेल्या कुणीतरी बजावलेलं. तक्रार झाली तर खोली जाईल, व्हिसा जाईल, नाही नाही ते मनात आलं. शिट्ट्या होत राहिल्या. मग थांबल्या.

ज्याने कधी कुकर लावलाय त्याला सांगायला नको. शिट्टी होतेय तोवर आत पाणी असतं. आता कुकर फुटणार, आग लागणार, माझ्या वरणभातापायी अख्खी इमारत जळणार. मी समोरचं दार दोन्ही हातांनी बडवलं.

ते साखळीपुरतं उघडलं. आत एक म्हातारी बाई, माझ्याहून जास्त घाबरलेली. मी इंग्रजीत काय बरळले देव जाणे, पण शेगडी आणि आग एवढं तिला कळलं असावं. साखळी तिने काढली नाही, पण इमारत सांभाळणाऱ्या माणसाला फोन केला. तो चावी घेऊन आला. धूर, करपट वास, काळाठिक्कर कुकर. बाकी काही झालं नाही. मी मात्र जिन्यात बसून रडले.

फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, "अगं, चावी समोर देऊन ठेवायची ना!" मला तिचा असा राग आला!

सुट्टीत घरी आले. बाबा गेल्यापासून आई एकटीच असते. एके दुपारी ती आंघोळीला गेली आणि कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. चौथी झाली. कुणी हाक मारली नाही. मी धावत जाऊन गॅस बंद केला. आमचं दार लावलेलं होतं. उघडून पाहिलं तर समोरचंही.

आई केस पुसत बाहेर आली. "मासी मुलाकडे राहायला गेल्या. बोलले नव्हते का तुला? आता भाडेकरू आहेत, दिवसभर कामावर असतात."

"मग आपली चावी?"

"माझ्याकडेच आहे की. दोन्ही माझ्याकडेच," आई म्हणाली आणि पानं घ्यायला वळली.

दोन दिवसांनी माझं परतीचं विमान होतं.