दोनशे चौदा पानांची फाईल

नेतृत्व शिकायला मला यवतमाळला पाठवलं तेव्हा मी एक्कावन्न वर्षांचा होतो आणि माझे गुडघे दुखायला लागले होते. आमच्या कॉलेजचे प्राचार्य निवृत्त झाले होते. नवीन प्राचार्य भरायची परवानगी यायची होती, ती अजूनही यायचीच आहे. तोवर प्रभारी म्हणून कुणाला तरी त्या खुर्चीत बसवणं भाग होतं. कायम नोकरीतले आम्ही पाच जण उरलो होतो. त्यातल्या दोघांना शुगर, एकाला निवृत्तीला वर्ष राहिलेलं, आणि चौथे सर कुणाशी बोलतच नाहीत. म्हणून मी. माझ्यातले नेतृत्वगुण कुणी हेरले वगैरे काही झालेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. एसी हॉल, गळ्यात ओळखपत्र, पुण्याहून आलेले तरतरीत तज्ज्ञ. जिल्ह्यातले आम्ही अर्धे म्हातारे प्राध्यापक वर्तमानपत्राचे मनोरे बांधत होतो आणि डोळे मिटून एकमेकांच्या हातांवर मागे पडत होतो. आमच्या गटाचा मनोरा कोसळला, पण तो कोसळताना आम्ही हसलो म्हणून आम्हाला बक्षीस मिळालं. शेवटच्या दिवशी एक कागद भरून द्यायचा होता. आपल्या कॉलेजातला एक सहकारी निवडा आणि वर्षभरात त्याला नेतृत्वासाठी कसं तयार कराल ते लिहा. मी क्षणभरही विचार न करता इतिहासाच्या मॅडमचं नाव लिहिलं. खरं तर त्यांना काय तयार करायचं होतं, त्या तयारच होत्या. पण कागद भरायचा होता.

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जेवढे तास शिकवाल तेवढेच तुमचे. जुलै-ऑगस्टात ऑर्डर मिळते, मार्च-एप्रिलात संपते, आणि पुढच्या जुलैत त्याच जागेसाठी, त्याच टेबलासमोर, पुन्हा मुलाखत द्यायची. मॅडमनी अशा अकरा मुलाखती दिल्या होत्या. राळेगावहून दोन एसटी बदलून यायच्या. त्यांच्या आज्यानं छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि तेव्हापासून घरातल्या एकाही पोराची शाळा सुटली नाही, हे त्या अभिमानानं सांगत. माझ्या घरी कापूस आणि तुरीची शेती. कायम होईपर्यंत मी सात वर्षं थांबलो, ते काही हुशारीच्या जोरावर नाही. घरात खायला होतं म्हणून थांबता आलं.

प्रशिक्षणाच्या आदल्या वर्षी आमच्याकडे मूल्यांकनाची समिती येऊन गेली होती. समिती येणार म्हटल्यावर कॉलेजात कसं वातावरण होतं ते लग्नघरालाच विचारावं. भिंतींना रंग, कुंड्या, आणि केलेल्या प्रत्येक गोष्टीचा पुरावा एका फाईलमध्ये. पण कुठल्याही उपक्रमाचा समन्वयक कायम प्राध्यापकच असला पाहिजे, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळे गावातलं शिबिर असो की आणखी काही, काम मॅडम करायच्या आणि समन्वयक म्हणून सही माझी असायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. सगळ्याच कॉलेजांत असं चालतं, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो.

त्यातलं एक काम मात्र खरंच मोठं होतं, समिती यायच्या चार वर्षं आधीचं. दुसऱ्या वर्षाला गेल्यावर दोन गावांतल्या मुली कॉलेज सोडत होत्या. आम्ही म्हणायचो, लग्नं होतात, दुसरं काय. मॅडम त्या मुलींच्या घरी गेल्या, तेव्हा कळलं की दुपारची एसटी बंद झाली होती आणि संध्याकाळच्या गाडीनं यायला घरचे नाही म्हणत होते. मॅडमनी बारा मुली गोळा केल्या, त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतले आणि डेपोत चार चकरा मारल्या. पाचव्या चकरेला मलाही नेलं, कारण कायम प्राध्यापक बरोबर असला की साहेब बसायला सांगतात. गाडी सुरू झाली. फाईलमध्ये लागलं ते असं : "समन्वयकांच्या पुढाकाराने बससेवा पूर्ववत." सोबत फोटो आहे. त्यात मी आहे, डेपोचे साहेब आहेत, मुली आहेत. मॅडम नाहीत, कारण फोटो त्या काढत होत्या.

ती फाईल त्यांनीच लावली होती. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात वर, पेन्सिलीनं, बारीक आकडा. दोनशे चौदा पानं. समितीतल्या एका बाईंनी फाईल चाळून मला विचारलं, "इतकं नीट कुणी लावलं?" मी हसून म्हणालो, "टीमवर्क आहे मॅडम."

तर प्रशिक्षणाहून परत आलो तो नवीन कल्पना घेऊन. मुलाखतीत गुण द्यायचा जो तक्ता असतो, पदवीला इतके, सेट या पात्रता परीक्षेला इतके, अनुभवाला इतके, त्यात मी एक रकाना वाढवला : नेतृत्व, दहा गुण. संस्थेच्या अध्यक्षांना तो शब्दच फार आवडला. माझ्या डोक्यात मॅडमच होत्या, खोटं नाही बोलत. त्यांची सेट झालेली नव्हती. दरवर्षी नवे सेटवाले अर्ज करत होते आणि मॅडम थोडक्यात बचावत होत्या. हे दहा गुण त्यांना तारतील, असा माझा हिशोब होता. मी त्यांना स्टाफरूमबाहेर गाठून सांगितलंही, "मॅडम, यंदा तुमची काळजी मिटवली."

मग मुलाखतीसाठी बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांनी तक्त्याखाली नेहमीची ओळ टाकायला लावली : लेखी पुरावा आवश्यक.

दोन दिवसांनी मॅडम माझ्या केबिनमध्ये आल्या.

"सर, मले एक पत्र पाहिजे होतं. शिबिर, बसचं काम, अन् ते फायलीचं. हे मी केलं म्हणून. तुमच्या सहीचं."

"देतो ना मॅडम, त्यात काय एवढं. उद्या घेऊन जा."

मी खरंच लिहायला बसलो. मजकूर सांगितला आणि हेडक्लार्क टाइप करता करता थांबले. तीस वर्षं त्या खुर्चीत बसलेला माणूस, आवाज कधी चढत नाही.

"सर, हे तर तुमच्या प्रमोशनच्या फायलीत लागलेलं हाय. विद्यापीठात गेली ती. एकच काम दोघायच्या नावानं कसं दाखवता?"

हेडक्लार्क माझ्याकडे न बघता स्क्रीनकडे बघत होते.

"मंग काय लिहू?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "उपक्रमांत सहकार्य केले, असं लिहा."

मी सही केली, शिक्का मारला आणि चहा मागवला. माणूस आयुष्यातलं सगळ्यात हलकं काम किती सहज करतो, ते मला त्या दिवशी कळलं नाही. नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पत्र उभ्यानंच वाचलं. दोनदा वाचलं.

"सहकार्य, सर?"

"भाषा जरा सरकारी असते मॅडम. मुलाखतीत मी आहेच ना."

"हो जी," त्या म्हणाल्या आणि पत्र पर्समध्ये ठेवून तासाला गेल्या.

मुलाखतीला टेबलामागे आम्ही तिघं होतो. अध्यक्ष, बाहेरून आलेले तज्ज्ञ आणि मी. मॅडमना अध्यक्षांनी विचारलं, "इतकी वर्षं आहात इथं. शिकवण्याशिवाय काय केलं?" मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. ते मी सांगायचं होतं. मी समोरच्या तक्त्यातल्या रकान्यांत बघत राहिलो, जणू काही तो मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग मॅडमच म्हणाल्या, "शिकवलं, सर."

तज्ज्ञांनी माझं पत्र उचललं. "सहकार्य म्हणजे मदतनीस. याला नेतृत्व कसं म्हणायचं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या हलण्याचा काय अर्थ घ्यायचा तो त्यांनी घेतला आणि रकान्यात शून्य लिहिलं.

मॅडमनंतर आत आली ती त्यांचीच विद्यार्थिनी. बसच्या त्या बारा मुलींतली एक. पुढे एमए केलं, पहिल्या झटक्यात सेट काढली. तिनं फाईल पुढे केली. त्यात आमच्याच कॉलेजचं प्रमाणपत्र होतं : "बससेवेसाठी विद्यार्थिनी गटाचे नेतृत्व केले." खाली माझी सही. वर कोपऱ्यात पेन्सिलीचा बारीक आकडा. मॅडमनी त्या बाराही मुलींची प्रमाणपत्रं स्वतः तयार करून माझ्या सह्या घेतल्या होत्या. पोरींना पुढे कामी येतील म्हणून. त्या मुलीला दहापैकी आठ मिळाले. तिला तास मिळाले आणि मॅडमचं नाव खाली राहिलं. निकालावर मीच सही केली.

मुलगी माझ्या केबिनमध्ये येऊन रडली. "सर, मले वाटलं मॅडम कवाच्याच कायम झाल्या. याच जागेसाठी मॅडमबी हायेत हे माहीत असतं तर मी अर्जच केला नसता." मी तिला म्हणालो की असं काही मनात आणू नकोस, हे गुणवत्तेवर झालंय. तिचा विश्वास बसला नाही आणि तेच बरं झालं.

दिवाळीनंतर माझी पदोन्नती आली. कॉलेजात पेढे वाटले. त्याच सुमारास प्रशिक्षणवाल्यांचा एक फॉर्म मोबाईलवर आला. तुम्ही निवडलेल्या सहकाऱ्याची नेतृत्वाकडे वाटचाल कशी सुरू आहे? मी "समाधानकारक" वर बोट ठेवलं आणि फॉर्म पाठवून दिला.

पत्र मी लिहिलं ते त्यानंतर. पदोन्नती पक्की झाल्यावर, काही धोका उरला नाही तेव्हा. हे लपवण्यात अर्थ नाही. पूर्ण एक पान लिहिलं. शिबिर, बस, बारा मुली, फाईल, सगळं त्यांनी केलं आणि समन्वयक म्हणून माझं नाव फक्त कागदावर होतं, असं स्पष्ट लिहिलं. सही केली, शिक्का मारला आणि रविवारी राळेगावची एसटी पकडली.

त्यांच्या भावाचं बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. मॅडम काउंटरमागे बसल्या होत्या. समोर शिष्यवृत्तीच्या अर्जांचा गठ्ठा. मला पाहून उठल्या, खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. घरचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं. मग मी पत्र दिलं.

त्यांनी ते बसून वाचलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. मला काय हवं होतं? त्यांनी रडावं, चिडावं, मला दोन शब्द सुनवावेत. माफीच हवी होती मला, दुसरं काय.

"चांगलं लिहिलं, सर," त्या म्हणाल्या. "सगळं बराबर हाय."

"पुढच्या मुलाखतीला लावा."

"आता नाही ना देणार जी मी मुलाखत. बारा झाल्या." असं म्हणून त्यांनी गठ्ठ्यावरची पेन्सिल उचलली, पत्र सरळ केलं आणि उजव्या कोपऱ्यात वर बारीक आकडा घातला. पत्र माझ्याकडे परत दिलं.

"फायलीत लावून द्या सर. पुढच्या समितीले कामी येईन."

मी आकडा पाहिला. २१५.