माळावर वस्ती नाही

"वाचतेस काय गो? पुसायला ठेवलंय तुला."

सरपंचाच्या भावानं माझ्या हातातला कागद हिसकला. पंचायतीच्या हॉलमध्ये चारपाच जण होते. सगळे हसले. मी खाली बसून फरशी पुसायला लागले. पण वाचायचं ते वाचून झालं होतं.

पळस्प्यापासून आत, डोंगराकडे आमचं गाव. पंचायतीला त्या गावाची माहिती छापायची होती, तिचाच तो कागद. भूगोल, लोकसंख्या, इतिहास. नदी होती त्यात, देवळं होती, भातशेती करणारे आजे-पणजे होते. आणि एक ओळ: 'पूर्वेला ओसाड माळ. वस्ती नाही.'

त्या माळावर मी जन्मले. आमची कातकरवाडी तिथंच आहे. आईला तिथंच पुरलंय.

विसरले असतील, असं कुणाला वाटेल. मला नाही वाटलं. मतं मागायला येताना ही माणसं वाट चुकत नाहीत. वीटभट्टीला माणसं हवी असली की पहाटे ट्रक दारात. आणि आठवड्यापूर्वीच दोन परके गृहस्थ माळावर फोटो काढत फिरत होते. सोबत सरपंचाचा भाऊ. दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन वाडीत आला. कोरे कागद, शाईचं पॅड.

"अंगठा द्या, तुमचा रस्ता होईल."

माझ्या बापानं दिला. मी विचारलं, "कागदावर कायच लिवलं नाय, मग अंगठा कशाला?"

"आश्रमशाळेत दहावी झालीस म्हणून शानी झालीस काय?"

मी गप्प बसले. पेढासुद्धा खाल्ला. ती लाज अजून जात नाही.

त्या ओळीबद्दल बापाला सांगितलं. तो म्हणाला, "गप ऱ्हा. काम जाईल."

ग्रामसभेत आम्ही वाडीच्या बाया नेहमी दाराबाहेर, चपलांपाशी बसायचो. त्या दिवशी ग्रामसेवक माहिती वाचून दाखवायला लागले, आणि मी आत गेले.

"माळावर वस्ती हाय."

सरपंचाचा भाऊ ओरडला, "ही कोण बोलणारी?"

"तिथं राहणारी."

ग्रामसेवक गोड हसले. "ताई, अर्ज द्या. बघू नंतर."

त्या हसण्याचीच मला जास्त भीती वाटली. अर्ज मी लिहूनच आणला होता. म्हटलं, "पोच द्या."

"शिक्का कपाटात आहे. चावी नाही आणली."

मी तिथंच खाली बसले. बाहेरच्या बाया एकेक करून आत आल्या, माझ्याशेजारी बसल्या. सभा संपली. गाव उठून गेलं. आम्ही हललो नाही. शेवटी चावी ग्रामसेवकांच्याच खिशात निघाली.

माहिती अजून छापलेली नाही. दुरुस्त करतोय म्हणतात. मला पटत नाही. पंचायतीतलं माझं काम गेलं. बाप बोलत नाही.

मी घराघरात जाऊन नावं लिहिते आहे. जिवंत माणसांची, पुरलेल्यांची. वही तहसील कचेरीत देणार, तिथं नाही घेतली तर कलेक्टरकडे. उद्या हा माळ रिकामा करायला कुणी आलं, तर त्याला आम्हाला एकेकाला नावानं हाक मारून ऊठ म्हणावं लागेल.

आणि आम्ही उठणार नाही.