लोपेतीची पोचपावती

लोपेती दिसायला असा धिप्पाड, की तोंगातल्या वावाउ बेटाच्या किनाऱ्यावर होडी ओढायची झाली तर चौघांऐवजी त्याला एकट्याला हाक मारत. काळीज मात्र चिमणीचं. तेहतीस वर्षं त्याने पोस्टात शिक्के मारले आणि प्रत्येक शिक्का उमटला का ते दोनदा पाहिलं. घराला कुलूप लावून निघाला की वडाच्या वळणावरून परत येई, ओढून बघे आणि वळणापर्यंत पोचेतो पुन्हा शंका येई.

अशा माणसाकडे चर्चचा लॅपटॉप सोपवला, कारण तो हरवणार नाही याची गावाला खात्री होती. रविवारची प्रार्थना त्यातून परदेशच्या नातेवाइकांना दिसे, आणि चर्चच्या कर्ण्यांचा आवाजही त्यावरूनच कमीजास्त होई. आवाज किती ते दाखवणारी पडद्यावरची बारीक पट्टी लोपेतीला चष्म्यातूनही दिसत नसे. त्याचा सगळा भरवसा एका आवाजावर. आवाजाचं बटण दाबलं की ‘टुक’ वाजे. टुक म्हणजे हुकूम पोचला. पोस्टातला माणूस, पोचपावतीशिवाय जीव थाऱ्यावर कसा राहणार?

ईस्टरच्या आदल्या शुक्रवारी पाद्रीबुवांनी सगळ्यांना डोळे मिटून मौन धरायला सांगितलं. त्या शांततेत लोपेतीला वाटलं, कर्णे जरा गुणगुणताहेत. त्याने आवाज उतरवायला घेतला. टुक. टुक. टुक. पाठोपाठ बायकांच्या बाकावरून खुसखुस.

“लोपेती,” पाद्रीबुवा मौन सुटल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, “आम्ही देवाच्या दारात उभे, आणि कडी वाजवतोस तू! फाका मेच्या रविवारी एक जरी टुक ऐकलं, तर लॅपटॉप मास्तरांकडे.”

“शिक्का मारायची खोड जात नाही त्याची,” थोरली बहीण लावीनिया म्हणाली. तोंगामध्ये बहिणीपुढे भावाने बोलायचं नसतं, त्यामुळे लोपेतीने ते मुकाट गिळलं.

फाका मे म्हणजे मे महिन्यातला मुलांचा रविवार. यंदा लोपेतीची सात वर्षांची नात मेलेनाइते पहिल्यांदा बायबलमधलं वचन म्हणणार होती. तिची आई लुपे क्वीन्सलँडला संत्री तोडायला गेलेली. बागेतून तिचा एकच निरोप येई, “बाबा, मला तिचा आवाज ऐकायचाय.” आणि पोरीचा आवाज असा, की ओठांतून निघालेला शब्द हनुवटीपर्यंत पोचताना दमे. म्हणून लोपेतीने घरी तालीम घेतली. ती बसक्या आवाजात बोलू लागली की तो बटण दाबे. “टुक ऐकलंस ना? मग चढ एक पायरी!” महिनाभरात पोर चढायला शिकली.

आदल्या शनिवारी त्याने यंत्रात टुकपुढे असलेली बरोबरची खूण काढून ते बंद केलं. वाजत नाही ना, हे वीसदा दाबून पाहिलं. पोरीला सांगायचं तेवढं राहिलं.

रविवारी मेलेनाइते पांढऱ्या झग्यात उभी राहिली. पहिली ओळ बरी आली. दुसरी विरली. तिसरीला ती थांबली आणि आजोबांकडे टक लावून बघू लागली.

लोपेतीच्या लक्षात आलं. पोर टुकची वाट पाहत होती!

पडद्यावर लुपेची अक्षरं उमटली. त्याने चष्मा नाकाला घट्ट दाबून वाचली, ‘ऐकू येत नाही, बाबा.’ त्याने बटण दाबलं. काहीच वाजलं नाही. वाढला का आवाज? पुन्हा दाबलं. पुन्हा. चर्चसाठी रिवाजाप्रमाणे कमरेला गुंडाळलेली चटई घामाने भिजली.

“अरे, पोर रडेल आता!” लावीनिया मागून फुसफुसली. “कर की काहीतरी!”

समोर पाद्रीबुवा, त्यांच्या शेजारी मास्तर. लोपेतीने दोघांकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, आणि टुकपुढची ती खूण परत लावली. मग बटण दाबलं.

इतका वेळ त्याने मुक्याने चढवलेला आवाज शिगेला पोचला होता. पत्र्यावर नारळ आदळावा तसं टुक चर्चभर कडाडलं. दोन म्हाताऱ्या दचकून उभ्या राहिल्या.

मेलेनाइते हसली आणि एक पायरी चढली.

लोपेती घाबरून कर्णे उतरवू लागला, पण उतरवतानाही टुक तेच. टुक, पोर वर. टुक, आणखी वर. इकडे यंत्र खाली येत होतं, तिकडे नात चढत होती. शेवटची ओळ तर तिने अशी ठणकावली की कर्ण्यांना काही कामच उरलं नाही. बायका रुमालाने डोळे पुसू लागल्या. त्या दरवर्षी पुसतात, पण यंदा लावीनियानेही पुसले.

प्रार्थना संपल्यावर पाद्रीबुवा आले.

“सात मोजली मी, लोपेती.”

“आठ होती, पाद्रीबुवा. पहिलं नारळाएवढं.”

“मी भर सभेत बोललो होतो.”

“हो. घ्या.” लोपेतीने लॅपटॉप पुढे केला, पण हातातून सोडला नाही. “लुपेने काहीतरी लिहिलंय. माझा चष्मा ओला झालाय. जरा वाचता?”

पाद्रीबुवा वाकले. “‘ऐकलं, बाबा. सगळं ऐकलं.’”

लोपेतीने लॅपटॉप आणखी घट्ट धरला. मग म्हणाला, “पुन्हा एकदा वाचा ना.”

पाद्रीबुवांनी पुन्हा वाचलं, सावकाश. तेव्हा कुठे लोपेतीने हात सोडला.